सरासरी आणि रोजनिशी

क्रिकेटच्या विस्डेन नामक वार्षिकातील मृत्युलेख हा इंग्रजी गद्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे, असे मी फार दिवसांपासून मानीत आलो आहे. आमच्याकडील विद्वान ह्या जाडजूड पुस्तकाकडे पंचांगाकडे पाहावे तसे पाहतात. त्यात आकड्यांखेरीज काही असेल अशी त्यांना शंकाही येत नाही. पण मृत्युलेखांचे ते दालन एकदा सलग वाचून पाहावे. पाद्री, सावकार, न्यायाधीश, शाळामास्तर, पलटणीतील अधिकारी अशा शेकडो मनुष्यांची आयुष्ये तेथे प्रत्येकी पंधरा-वीस ओळींत आटोपलेली असतात. शाळा कोणती, पलटण कोणती, धावा किती, बळी किती, आणि शेवटी जमल्यास एक गमतीदार आठवण, हा त्यांचा ठरलेला साचा. आमच्या बखरकारांना घोडी किती आणि निशाणे किती हे बिनचूक ठाऊक असे, पण ज्याच्या स्वारीचे वर्णन चालले आहे तो रात्री झोपला की नाही ह्याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. विस्डेनचा मृत्युलेखक हा त्या बखरकाराचाच थोडा अधिक सभ्य भाऊ होय.

ह्या गद्यप्रकाराची थोरवी आणि त्याचे व्यंग ही दोन्ही ज्याच्या चरित्रात एकाच वेळी दिसतात असा एक गृहस्थ मी आज निवडला आहे. रॉबर्ट माँटेग्यू पूर हे त्याचे नाव. जन्म डब्लिन येथे, २० मार्च १८६६. सातव्या हुसार्स ह्या घोडदळाच्या पलटणीतील अधिकारी. अखेरीस ब्रिगेडियर जनरल. हॅम्पशर परगण्याचा हौशी फलंदाज. १४ जुलै १९३८ रोजी बोर्नमथजवळ बॉस्कम येथे मृत्यू. क्रिकेटच्या इतिहासात मात्र तो सेनापती म्हणून राहिलेला नाही. मेजर पूर म्हणूनच राहिला आहे, कारण ज्या एका उन्हाळ्याने त्याला अमर केले त्या उन्हाळ्यात तो मेजर होता.

तो उन्हाळा १८९९ चा. त्या वर्षी १२ जून ते १२ ऑगस्ट ह्या दोन महिन्यांत पूरने हॅम्पशरसाठी १,३९९ धावा केल्या आणि त्यांची सरासरी ११६.५८ पडली. पोर्ट्समथ येथे सॉमरसेटविरुद्ध एकाच सामन्यात १०४ आणि नाबाद ११९, आणि त्यालाच लागून लँकाशरविरुद्ध १११. पुढे जुलैच्या २० तारखेस टाँटन येथे सुरू झालेल्या सामन्यात पुन्हा त्याच दुर्दैवी सॉमरसेटविरुद्ध ३०४. ह्या डावात पाच गडी स्वस्तात गमावल्यानंतर त्याच्या जोडीला कॅप्टन विन्यार्ड आला. हाही लष्करातलाच, सहारनपूरला जन्मलेला, ब्रह्मदेशच्या मोहिमेत मानाचे पदक मिळविलेला. त्याने २२५ केल्या. दोघांनी मिळून सहाव्या गड्यासाठी ४११ धावांची भर घातली. हॅम्पशरने सात गडी बाद ६७२ वर डाव सोडला आणि सामना एक डाव व १५१ धावांनी जिंकला. त्या मोसमाअखेर पूरच्या एकंदर धावा १,५५१, शतके सात, सरासरी ९१.२३. इंग्लंडच्या मोसमात ही सरासरी ओलांडणारा पुरुष जन्माला यावयाचा होता. तो १९३० साली ब्रॅडमन ह्या नावाने आला. आपल्या भाषेत ह्या गृहस्थाच्या आडनावावर धावांचा श्लेष आपोआप साधतो. त्याचा मोह वाचकांनी आपापला पुरवून घ्यावा. मी तो टाळला असे मला म्हणता यावे.

ह्याच मोसमात रणजितसिंहजींनी ३,१५९ धावा काढल्या. एका मोसमात तीन हजारांचा टप्पा गाठणारे ते पहिले फलंदाज. पण त्यांची सरासरी ६३.१८, म्हणजे पूरच्या बरीच खाली. रणजींच्या खेळावर इंग्रजी लेखकांनी काव्ये करावयाची शिल्लक ठेवली नाहीत. पूरवर कोणी काव्य केले नाही. सहा फुटांच्या वर चार इंच उंची, दणकट हाड, लांब पाऊल पुढे टाकून सरळ फळीने चेंडू परतविण्याची रीत. हा गद्याचा फलंदाज होता, आणि तेही लष्करी खलित्याच्या गद्याचा. जूनमधल्या ज्या पंधरवड्यात त्याने तीन लागोपाठ शतके काढली, त्याच पंधरवड्यात तो पलटणींच्या पोलो स्पर्धेतील विजयी चमूत होता आणि लष्करी कसरतींच्या सामन्यात सर्वोत्कृष्ट शस्त्रधारी ठरला होता. विस्डेनने १९०० च्या अंकात वर्षातील पाच खेळाडूंत त्याची निवड केली, ती यथायोग्यच होती.

येथवर मृत्युलेखकाचे काम चोख आहे. प्रश्न पुढचा आहे. पूरच्या पहिल्या दर्जाच्या सर्व क्रिकेटची सरासरी ३८.६६ भरते. आयुष्यात काढलेल्या अकरा शतकांपैकी सात त्या एकाच उन्हाळ्यातली. १८९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लॉर्ड हॉकचा संघ दक्षिण आफ्रिकेत गेला असता, तेथील ब्रिटिश फौजेतला अधिकारी ह्या नात्याने पूर यजमानांकडून खेळला. पुढे हे तीन सामने कसोटी म्हणून मोजले गेले. त्यांत सहा डावांत मिळून त्याच्या धावा ७६. पहिल्याच सामन्यात जॉर्ज लोमनने सात धावांत आठ बळी घेऊन यजमानांना ३० धावांत गुंडाळले होते. तेव्हा एकट्या पूरला बोल लावण्यात अर्थ नाही. पण धूमकेतूसारखा एक उन्हाळा आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे साधारण गुणवत्तेचा अंधार, अशी ही आकृती आहे. सरासरीवर भिस्त ठेवणाऱ्या चरित्रकाराला धूमकेतू फार आवडतो. तो त्या शेपटीच्या प्रकाशात उरलेले बहात्तर वर्षांचे आयुष्य वाचतो, आणि त्यामुळे ते आयुष्यही त्याला उन्हाळी, आनंदी, निष्पाप दिसू लागते.

पूर क्रिकेट शिकला कोठे, हा प्रश्न आपल्याशी थोडा निगडित आहे. शाळेत असताना ह्या खेळात त्याचे नाव नव्हते. खेळावरील पाठ्यपुस्तके वाचून आणि त्यांतील नियम अंगवळणी पाडून तो फलंदाज झाला, आणि हे अंगवळणी पाडण्याचे काम हिंदुस्थानात झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस ह्यांच्या हाताखाली तो एडीकाँग होता, आणि १८९२ ते १८९५ ह्या काळात पुण्याच्या गव्हर्नमेंट हाउसच्या संघाकडून खेळताना त्याची सरासरी ऐंशीच्या घरात होती. ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे गणेशखिंडीतील मनोऱ्याची इमारत. तीत आता विद्यापीठ आहे, आणि उत्तरपत्रिकांच्या कामासाठी मी स्वतः त्या आवारात कित्येक वेळा पायपीट केली आहे. हॅरिस हे स्वतः इंग्लंडचे कप्तान राहिलेले. त्यांच्या कारकीर्दीत, १८९२ साली, युरोपियन आणि पारशी ह्यांच्यातील प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले. मेहेलाशा पावरी हा पारशांचा नामांकित गोलंदाज ह्याच काळातला. मुंबईच्या मैदानावर गोऱ्या साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी देशी क्रिकेटपटूंची खेळपट्टी उखडून टाकावी, आणि देशी लोकांनी अर्जांवर अर्ज करावे, हे प्रकरणही ह्याच गव्हर्नरांच्या टेबलावरून गेले आणि अर्जदारांच्या पदरात फारसे काही पडले नाही. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत दंगल पेटली तेव्हा लाटसाहेब पुण्यास होते आणि ते परतण्यास पुष्कळ उशीर झाला, ह्याबद्दल तेव्हाच्या वृत्तपत्रांनी त्यांना सोडले नाही. पूर हा त्या दरबारातला एक तरुण अधिकारी. त्याच्यावर ह्यातल्या कशाचीही जबाबदारी टाकणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या हवेत त्याची फळी सरळ झाली ती हवा ही होती, एवढे चरित्रकाराने सांगावयास हवे.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, आणि ती 'हौशी' ह्या शब्दाची आहे. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये हौशी आणि पगारी अशा दोन जाती १९६२ पर्यंत नांदत होत्या. हौशी सद्गृहस्थाची नावाची आद्याक्षरे किंवा हुद्दा धावफलकावर सन्मानाने छापीत. पगारी खेळाडूचे आडनाव तेवढे पुरत असे. मेजर पूर हौशी होता, म्हणजे धावा काढण्याबद्दल त्याला कोणी पैसे देत नसे. त्याला पगार सरकारी खजिन्यातून मिळे, रजा पलटणीकडून मिळे, आणि सरावाला लागणारी माणसे हुद्द्याबरोबर आपोआप मिळत. ज्या वर्षांत गणेशखिंडीचा संघ खेळत होता त्याच वर्षांत पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यावर एक चांभाराचा मुलगा महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडीत होता, रूळ फिरवीत होता आणि साहेबांना सरावासाठी तासन्तास चेंडू टाकीत होता. त्याला फळी हातात धरावयास मात्र मिळत नसे. तो पळवणकर बाळू. १९११ साली हिंदी संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्याने त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. इंग्रज हौशी खेळाडूंच्या चरित्रांत 'हिंदुस्थानातील सरावाचा त्यांना मोठा लाभ झाला' असे एक सरळसाधे वाक्य वारंवार भेटते. त्या वाक्यातल्या लाभाला चार रुपये महिना असा भाव होता.

पुढच्या पिढीतील क्रिकेटलेखकांनी पूरचे जे केले ते मृत्युलेखकाहून वाईट. त्यांनी त्याला विदूषक केला. जाड मिशांचा, मोठ्या आवाजाचा, प्रत्येक प्रश्नाला तलवारीने उत्तर देणारा जुना कर्नल हे इंग्रजी विनोदातले ठरीव पात्र आहे. पूर त्या साच्यात अचूक बसला. नव्या पिढीच्या भेदक गोलंदाजीला तुम्ही कसे तोंड दिले असते असे कोणी विचारता, 'त्याच्यावर चाल करून गेलो असतो' असे त्याने उत्तर दिले, ही आख्यायिका त्यातलीच. आख्यायिका गोड आहे. मी स्वतः ती वर्गात सांगून मुलांना हसविले आहे, आणि आता तिच्याबद्दल थोडा शरमतो. विनोद हे चरित्रकाराचे मोठे साधन आहे खरे, पण विनोदाने हसून झाल्यावर मनुष्याची अधिक चौकशी करण्याची इच्छाच मरते. विक्षिप्त ठरलेल्या मनुष्याला कोणी जाब विचारीत नाही.

१८९९ च्या शरदात बोअर युद्ध पेटले. क्रिकेटच्या ग्रंथांत ह्यापुढील मजकूर एका वाक्यात उरकलेला असतो: मेजर पूर युद्धावर गेला, त्यामुळे हॅम्पशरचे दोन मोसम बुडाले. परत आल्यावर १९०६ पर्यंत तो अधूनमधून खेळला, पण १८९९ पुन्हा आले नाही. ह्या वाक्याशी क्रिकेटचे वाङ्मय थांबते, आणि नेमके ह्याच ठिकाणी एक दुसरे वाङ्मय सुरू होते.

त्या दुसऱ्या वाङ्मयाचा नायक हॅरी मोरँट आहे. हा जन्माने इंग्रज. ऑस्ट्रेलियात जाऊन अडेलतट्टू घोडी माणसाळविण्याचा धंदा करी, म्हणून 'ब्रेकर' हे टोपणनाव. सिडनीच्या बुलेटिन पत्रात कविताही लिही. १९०१ साली उत्तर ट्रान्सवालमध्ये गनिमी टोळ्यांचा पाठलाग करण्यासाठी बुशव्हेल्ट कॅरबिनिअर्स नावाचे एक पथक उभारण्यात आले, त्यात तो लेफ्टनंट होता. त्या ऑगस्टमध्ये त्याचा मित्र कॅप्टन हंट एका चकमकीत मारला गेला. सूडाने पेटलेल्या मोरँटने व्हिसर नावाच्या जखमी कैद्यास गोळ्या घालविल्या. त्यानंतर शरण आलेल्या आठ बोअरांना रस्त्याच्या कडेला उभे करून ठार करण्यात आले. आणि त्यांच्याशी बोललेला डॅनियल हीज नावाचा एक मिशनरी त्याच दिवशी वाटेत मारला गेला. ह्या प्रकारांविरुद्ध त्याच पथकातील पंधरा जणांनी वरिष्ठांकडे सह्यांची तक्रार नेली. असले कलंक नावाला लावून घेऊन आम्ही घरी परतू शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे पीटर्सबर्ग येथे लष्करी न्यायालय बसले. मिशनऱ्याच्या खुनाच्या आरोपातून सुटका झाली, पण कैद्यांच्या हत्येबद्दल मोरँट आणि त्याचा सोबती हँडकॉक ह्यांना २७ फेब्रुवारी १९०२ रोजी प्रिटोरियात गोळ्या घालण्यात आल्या. तिसरा आरोपी विटन ह्याची मृत्युदंडाची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली, पुढे तो कैदेतून सुटला आणि त्याने १९०७ साली आम्ही साम्राज्यासाठी बळी दिलेले बोकड आहोत अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. तेव्हापासून ऑस्ट्रेलियात हा वाद शमलेला नाही. १९७३ ची किट डेंटनची कादंबरी, १९७८ चे केनेथ रॉसचे नाटक, १९८० चा ब्रूस बेरस्फर्डचा चित्रपट, ही सारी त्याच वादाची अपत्ये. कैदी घेऊ नका असा सरसेनापती किचनेरचा तोंडी हुकूम होता की नव्हता, हा त्या वादाचा गाभा.

किचनेरच्या प्रिटोरियातील मुख्य ठाण्यावर प्रोव्होस्ट मार्शल, म्हणजे लष्करी पोलिसांचा मुख्य अधिकारी, ह्या जागेवर जो मनुष्य होता तो मेजर रॉबर्ट पूर. हा मनुष्य रोजनिशी लिहीत असे. मोरँटच्या वादात आज जे मोजके समकालीन पुरावे दोन्ही पक्ष पुढे करतात, त्यांत ह्या रोजनिशीचा मान मोठा आहे.

तिच्यातील दोन नोंदी नेहमी उद्धृत होतात. एकीत तो लिहितो की, डी वेटची बरीच माणसे आमच्या गणवेशात वावरतात, म्हणून लॉर्ड किचनेरनी हुकूम काढला आहे की आमच्या गणवेशात सापडलेल्यांची जागच्या जागी चौकशी करावी आणि तेथील प्रमुख अधिकाऱ्याने शिक्षा कायम करावी. मोरँटचे कैवारी ह्या नोंदीवर झडप घालतात: पाहा, हुकूम होता! विरोधक 'चौकशी' ह्या शब्दावर बोट ठेवतात. दोघेही नोंद वाचतात ती वकिलाप्रमाणे. लिहिणारा कोण होता ह्याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

दुसरी नोंद ऑक्टोबर १९०१ मधील, कॅरबिनिअर्सच्या कृत्यांची बातमी ठाण्यावर येऊन पोहोचल्यावेळची. तिचा आशय असा: ह्या लोकांनी आठ बोअरांची शरणागती स्वीकारली, काही काळ त्यांना बरोबर नेले आणि मग गोळ्या घातल्या, असेच करावयाचे होते तर मुळात त्यांनी शरणागती स्वीकारावयास नको होती, आणि जवळच एक मिशनरी होता, त्याने बोलू नये म्हणून त्यालाही मारले.

ह्या नोंदीपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. वरवर पाहता तो निषेध आहे, आणि न्यायाच्या बाजूचा निषेध आहे. पण निषेध कशाचा? मनुष्ये मेली ह्याचा नाही. क्रम चुकला ह्याचा. शरणागती स्वीकारली म्हणजे एक करार झाला. करार झाल्यावर तो मोडणे अप्रशस्त. शरण येऊ पाहणाऱ्याला आधीच उडविला असता तर ह्या वाक्याच्या व्याकरणात त्याला कोठेही दोष लागत नाही. मारण्याला मनाई नसून मारण्याच्या वेळेला मनाई आहे. पाठ्यपुस्तक वाचून जो फलंदाज झाला, पुढचे पाऊल कोठे टाकावे आणि फळी कोठून आणावी हे ज्याने नियमाने शिकून घेतले, त्याच मनुष्याच्या हातचे हे वाक्य आहे. पंचाने बाद दिल्यावर फलंदाजाने खेळपट्टीवर उभे राहू नये, तसे शरणागती घेतल्यावर शिपायाने गोळी घालू नये.

आता तारखांकडे पाहावे. पूरने टाँटनला ३०४ धावा काढल्या तो सामना २२ जुलै १८९९ रोजी संपला. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, २९ जुलैला, हेग येथे युद्धाच्या नियमांचा करार स्वाक्षरीला ठेवण्यात आला. त्या नियमांत शरण आलेल्याला मारणे निषिद्ध होतेच. परंतु कोणालाही जीवदान मिळणार नाही असे जाहीर करणे, तेही निषिद्ध होते. म्हणजे 'मुळात शरणागतीच स्वीकारावयास नको होती' ही जी पळवाट पूरच्या वाक्यात सहज उघडी राहिली आहे, ती त्याच्या शतकाच्या उन्हाळ्यातच युरोपातील मुत्सद्द्यांनी कागदावर बंद केली होती. त्या परिषदेला दोन्ही बोअर प्रजासत्ताकांना आमंत्रण नव्हते, तेव्हा तांत्रिक बचाव कोणाला करावयाचा असेल तर तो करता येईल. मला येथे खटला चालवावयाचा नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, पूरच्या नोंदीतील नीती ही त्या काळी उपलब्ध असलेली एकमेव नीती नव्हती. पथकातील पंधरा सामान्य लोकांनी जो सूर लावला तो वेगळा होता. कलंक हा शब्द त्यांना सुचला. पूरला, निदान त्या पानावर तरी, सुचला नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. रोजनिशी ही दिवसभराच्या शिणवट्यानंतर लिहिलेली असते. तीत मनुष्य आपले सर्व अंतःकरण ओततोच असे नाही. इंग्रज अधिकाऱ्याच्या रोजनिशीत तर नाहीच. रुक्षपणा हा तेथे सभ्यतेचा भाग असतो, आणि एका ओळीवरून मनुष्याची तुला करणे म्हणजे एका डावावरून फलंदाज ठरविण्यासारखे आहे. शिवाय हेही विसरू नये की, पूरच्या खात्याने हे प्रकरण दाबले नाही. बातमी आली, ती वर गेली, अटका झाल्या, न्यायालय बसले. गोरी वसाहत आपल्या मुलांवर रागावेल हे ठाऊक असूनही तो खटला चालला. मिशनऱ्याच्या मृत्यूबद्दलची त्याची ओळ तर अगदी उघडी आहे. त्याने कोणालाही पाठीशी घातलेले नाही. हे सर्व मला मान्य आहे. किंबहुना म्हणूनच ती नोंद मला महत्त्वाची वाटते. लिहिणारा क्रूर असता तर तिच्यात पाहण्यासारखे काही नव्हते. तो सरळ, कर्तव्यदक्ष, नियम पाळणारा आणि पाळावयास लावणारा मनुष्य होता. ज्या गुणांना 'क्रिकेट' हे एकच नाव देण्याची त्या समाजाची रीत होती, ते सारे गुण त्याच्याजवळ होते. ते सारे पणाला लावून जे वाक्य निघाले ते हे.

आमच्या पिढीला हा आदर्श शाळेतच मिळाला. खिलाडूवृत्ती हा शब्द आम्ही संस्कृतातून आला असावा इतक्या आदराने उच्चारीत असू. संमेलनांच्या बक्षीससमारंभात अध्यक्षस्थानावरून त्यावर तासतासाची भाषणे होत, आणि मीही ती केली आहेत. इंग्रजी सद्गृहस्थांच्या चरित्रांतून तो आम्ही उचलला, पण ती चरित्रे ज्या रीतीने लिहिली जातात तिची परीक्षा मात्र केली नाही. पूरचेच पाहा. त्याची बहीण नीना पुढे डचेस ऑफ हॅमिल्टन झाली आणि मुक्या जनावरांच्या छळाविरुद्ध इंग्लंडात जी चळवळ झाली तिचे तिने आयुष्यभर पुढारीपण केले; पूरची पत्नीही त्याच हॅमिल्टन घराण्यातली. एका घरात ही करुणा आणि हा नियम शेजारी शेजारी कसे राहत होते, जेवणाच्या टेबलावर त्यांची कधी गाठ पडत होती काय, हे विचारण्याजोगे प्रश्न आहेत. माझ्या वाचनात आलेल्या कोणत्याही क्रिकेटलेखकाला ते पडलेले नाहीत, कारण त्याला ९१.२३ पुरे होतात. मोरँटच्या वादातील लेखकांनाही ते पडलेले नाहीत, कारण त्यांना दोन नोंदी पुऱ्या होतात. एकाला रोजनिशीचा पत्ता नाही, दुसऱ्याला सरासरीचा नाही. असलाच तर तळटीपेत आहे, आणि तीही गंमत म्हणून: हा प्रोव्होस्ट मार्शल क्रिकेटही बरे खेळत असे म्हणतात!

मरतेसमयी पूर बहात्तर वर्षांचा होता. त्याच १९३८ च्या उन्हाळ्यात ब्रॅडमनने इंग्लंडमध्ये ११५.६६ ची सरासरी टाकली, आणि पूर गेल्यानंतर दीड महिन्याच्या आत ओव्हलवर हटनने ३६४ धावा केल्या. पुढच्या वर्षीच्या विस्डेनमध्ये एवढे मोठे आकडे असताना जुन्या मेजरला जागा मिळाली, ती प्रेमाने आणि भरपूर मिळाली. ती मी पुन्हा वाचली तेव्हाही मला आवडली. ह्या मनुष्याचे खरे चरित्र लिहावयास कोणी घेतले, तर माझी त्याच्याजवळ एकच मागणी आहे. टाँटनचा धावफलक आणि ऑक्टोबर १९०१ ची नोंद ही त्याने एकाच प्रकरणात घालावी, आणि नोंद तुकड्याने न देता त्या दिवसाचे पान सबंध द्यावे. कालक्रम आड येतो ही सबब चालावयाची नाही. मध्ये अवघी सव्वादोन वर्षे आहेत.